वाऱ्याच्या वरच्या बाजूचं गाव

एखाद्या गावाचं कूळ शोधताना आधी तिथलं पाणी पाहतात. दक्षिण वेल्समधल्या स्केटीचं कूळ शोधताना वारा पाहावा लागतो. स्वान्सी शहराच्या पश्चिमेचं हे उपनगर आणि त्याच्या मध्यभागी उभं असलेलं सेंट पॉल चर्च, दोन्ही ज्या तांब्याच्या पैशातून वाढली, ते तांबं तिथून काही मैलांवर पूर्वेला गाळलं जात होतं.

तांब्याचं खनिज गाळायला खनिजाच्या वजनाहून कितीतरी जास्त कोळसा लागे. त्यामुळे कोळसा खनिजाकडे नेण्यापेक्षा खनिज कोळशाकडे आणणं स्वस्त पडे. कॉर्नवॉलचं खनिज गलबतांतून स्वान्सीला उतरू लागलं, पुढे चिली आणि क्यूबाहूनही येऊ लागलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश तांब्याचं मोठं गिऱ्हाईक होती ईस्ट इंडिया कंपनी. ती जे तांबं हिंदुस्थानात आणून विकायची, त्यातलं बरंचसं स्वान्सीच्या खोऱ्यातल्या भट्ट्यांमधून निघालेलं असे.

कॉर्नवॉलच्याच विव्हियन घराण्यानं 1810 साली इथे हावोडचा कारखाना काढला. जर्मनीत खाणविद्या शिकून आलेल्या जॉन हेन्री विव्हियननं तो वाढवला. भट्ट्यांच्या धुरात गंधक आणि आर्सेनिक असे. इथला वारा बहुतेक पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा, म्हणून धूर पूर्वेकडे जाई. त्या बाजूच्या किल्वे टेकडीवर गवतही टिकेना. 1821 साली धुरावर उपाय शोधणाऱ्यासाठी बक्षिसाचा निधी उभा राहिला. विव्हियननं मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञांची मदत घेऊन प्रयोग केले, पण धूर पुरता आवरला नाही. कामगारांची घरं हावोडच्या कारखान्यालगतच उठली. मालकानं मात्र स्वतःसाठी पश्चिमेचं सिंगलटन निवडलं. वाऱ्याच्या वरच्या बाजूला हवा स्वच्छ होती, शिवाय समोर समुद्र. स्केटी वाढलं ते याच सिंगलटनच्या शेजारी.

जॉन हेन्रीचा मुलगा हेन्री हसी विव्हियन याचं लग्न 1847 साली जेसी गोडार्डशी झालं. पुढच्याच वर्षी, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच काळात, जेसी गेली. तिच्या स्मरणार्थ विव्हियन कुटुंबानं स्केटीत चर्च बांधायला घेतलं. वास्तुविशारद हेन्री वुडयरनं त्याचा गॉथिक आराखडा केला आणि 1850 पर्यंत ते उभं राहिलं. तेव्हा वेल्समधल्या कामगारांचा ओढा अँग्लिकन चर्चपेक्षा स्वतंत्र पंथांच्या चॅपेलांकडे होता. चॅपेलं लोक वर्गणी काढून बांधत. स्केटीचं चर्च मात्र एका धनिक घराच्या दुःखातून आलं, आणि त्याभोवती पॅरिश, म्हणजे त्या चर्चचा स्वतःचा इलाखा, तयार झाला.

याच स्केटीत 1845 साली एमी डिल्विन जन्मली. लग्न तोंडावर आलं असताना 1864 साली तिचा नियोजित वर देवीच्या रोगानं दगावला. पुढे तिनं कादंबऱ्या लिहिल्या. 1892 साली वडील वारले तेव्हा त्यांच्या जस्ताच्या कारखान्यावर डोंगराएवढं कर्ज होतं. तिनं राहतं घर सोडलं, काटकसरीनं राहून तो कारखाना स्वतः चालवला, कर्ज फेडलं आणि शेकडो कामगारांची रोजी वाचवली. 1935 साली, नव्वदाव्या वर्षी ती वारली. तिच्या अस्थी याच चर्चच्या आवारात आहेत.

1919 साली सिंगलटनची जमीन नगरपालिकेनं विकत घेतली. विव्हियनांच्या बागेत लोक फिरायला येऊ लागले, आणि 1920 साली स्थापन झालेल्या विद्यापीठ कॉलेजला पुढे त्यांचा वाडा मिळाला. त्याच 1920 साली वेल्समधलं अँग्लिकन चर्च राज्यसत्तेपासून कायद्यानं वेगळं झालं आणि आपला खर्च भागवण्याची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या लोकांवर आली.

धनिकांची बाग सर्वांची झाली, वाड्यात विद्यार्थी शिकू लागले, आणि एका घरानं आपल्या सुनेसाठी बांधलेलं देऊळ गावानं सांभाळलं. याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण स्केटीच्या कुळकथेत किल्वेच्या पायथ्याची माणसंही यायलाच हवीत. पश्चिमेची प्रत्येक सुंदर वास्तू ज्या कमाईवर उभी राहिली, तिचा धूर त्यांनी पिढ्यान् पिढ्या छातीत घेतला. चर्च बांधणाऱ्यांच्या यादीत त्यांचाही हक्क आहे.