बॉनेटचा रंग आणि इंजिनाची उष्णता : महाराष्ट्र व गोव्यातील मोटारनिर्मितीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास बहुधा अश्वशक्ती, परवाने आणि उद्योगपतींची चरित्रे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. इंजिनावर झाकण म्हणून बसविलेल्या बॉनेटचा आणि त्यावरील रंगाचा विचार सौंदर्यापलीकडे क्वचितच होतो. वास्तविक बॉनेट हा गाडीचा असा भाग आहे, की ज्याला वरून सूर्य आणि खालून इंजिन अशी दुहेरी उष्णता सोसावी लागते. स्पोर्ट्‌स कारमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारण तेथे इंजिन जास्त शक्तीचे, बॉनेट बुटके आणि दोहोंमधील पोकळी अरुंद असते.

विदर्भाच्या हवामानात या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्ट होते. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे प्रसिद्ध आहे. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. अशा दुपारी लांबचा प्रवास करून आलेली गाडी गिरडच्या टेकडीपाशी उभी केली, की तिचे बॉनेट लगेच निवत नाही. इंजिन थांबताच समोरून येणारा वारा थांबतो; जुन्या गाड्यांत पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि पाण्याचा पंपही थांबतो. तापलेल्या लोखंडात साठलेली उष्णता वर चढू लागते आणि बॉनेटखालील तापमान काही मिनिटे उतरण्याऐवजी वाढत जाते. धावत्या गाडीपेक्षा नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीचा रंग अधिक तापतो, हे या विषयातील पहिले सूत्र होय.

रंग वाचविण्याचा इतिहास हा मुख्यतः रंगाचा इतिहास नसून उष्णतेला वाट करून देण्याचा इतिहास आहे. ही वाट जेव्हा बुजली तेव्हा तिचा भार प्रथम रंगावर, नंतर अस्तरावर आणि अखेरीस कामगाराच्या प्रकृतीवर पडला, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

१. झरोक्यांचे बॉनेट

इंजिनाची उष्णता बॉनेटपर्यंत तीन मार्गांनी पोहोचते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेले वायू सायलेन्सरकडे नेणारी बिडाची नळी, जोर पडल्यावर कित्येक शे अंशांपर्यंत तापते व तिच्यातून उष्णतेचे प्रारण होते. तापलेली हवा वर चढते, तर पत्र्याला टेकलेल्या भागांतून उष्णतेचे वहन होते. यांपैकी पहिल्या दोन मार्गांचा बंदोबस्त विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या कारागिरांनी सोप्या रीतीने केला होता. त्या काळातील बॉनेट मधोमध बिजागरीवर उघडे आणि त्याच्या दोन्ही उभ्या बाजूंना झरोक्यांच्या रांगा असत. तप्त हवा बाजूने निघून जाई आणि वरचा पत्रा तुलनेने थंड राही.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बॉनेट एकसंध होऊन मागील बाजूस बिजागरीवर उघडू लागले आणि बाजूचे झरोके हळूहळू नाहीसे झाले. गाडी दिसायला सुबक झाली, पाऊस व धूळ आत जाईनाशी झाली. परंतु हवेची वाटही अरुंद झाली. स्पोर्ट्‌स कारच्या निर्मात्यांना मात्र जुन्या उपायाकडे परतावे लागले. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिऊराचे इंजिन मागे होते आणि त्यावर अखंड झाकणाऐवजी पट्ट्यांची जाळी होती. १९८७ च्या फेरारी एफ-४० मध्ये मागील पारदर्शक झाकणाला चिरा ठेवलेल्या होत्या. १९९० च्या दशकातील मॅक्लारेन एफ-१ या गाडीत इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा वर्ख लावला गेला, कारण सोने अवरक्त प्रारण उत्तम रीतीने परावर्तित करते. वरवर विलासी वाटणाऱ्या या निर्णयामागे कार्बन तंतूंचे अंग वाचविण्याची निकड होती.

२. रंगाचे बदलते रसायन

झरोके बुजत असतानाच रंगाचे रसायनही बदलत होते. घोडागाडीच्या परंपरेतून आलेले तेल-वार्निश सुकायला आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजवर आधारित रंग मोटारींवर येऊ लागला आणि रंगकामाचा काळ दिवसांवरून तासांवर आला. महाराष्ट्रातील गॅरेजांत आणि फर्निचरच्या दुकानांत ‘ड्यूको’ हा शब्द आजही फवारणीच्या चकचकीत रंगासाठी सामान्यनामासारखा वापरला जातो. हा रंग झटपट सुके, पण उष्णतेने पिवळा पडे आणि त्याला बारीक तडे जात. पुढे भट्टीत भाजून पक्के होणारे अल्किड इनॅमल, त्यानंतर अ‍ॅक्रिलिक रंग आणि अखेरीस रंगीत थरावर पारदर्शक थर देण्याची पद्धती आली.

कारखान्यात नवीन गाडीचा वरचा रंग साधारणतः १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो. तेथे पत्र्याची नुसती चौकट असते. तारा, रबर, प्लास्टिक नंतर जोडले जातात. दुरुस्तीच्या गॅरेजात संपूर्ण गाडी एवढ्या तापमानाला नेता येत नाही, म्हणून तेथील रंग ६० ते ८० अंशांवर किंवा नुसत्या हवेत सुकविला जातो. परिणामी अपघातानंतर पुन्हा रंगविलेले बॉनेट मूळ बॉनेटपेक्षा उष्णतेला अधिक लवकर बळी पडण्याचा संभव असतो. पुट्टीचा जाड थर असेल तर पत्रा आणि पुट्टी यांचे प्रसरण निरनिराळे होऊन तडे जातात. रंग एका दिवसात जळत नाही. प्रथम चकाकी जाते, मग छटा बदलते, आणि शेवटी पारदर्शक थर सोलून निघतो.

३. कुर्ला आणि आकुर्डी

महाराष्ट्रात मोटारनिर्मितीचा पाया सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने घातला. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्यांची जोडणी आणि १९५० च्या दशकापासून फियाट ११०० ची निर्मिती झाली. हीच गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन माफक शक्तीचे होते आणि बॉनेटखाली हवेला पुरेशी जागा होती. घाट चढताना रेडिएटरचे पाणी उकळे, पण बॉनेटचा रंग सहसा टिके. घाटमाथ्यावर बॉनेट उघडून गाडी निवविण्याची चालकांची सवय इंजिनासाठी होती. तिचा लाभ रंगालाही मिळत असे. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून निवृत्त झाली.

दुसरा धागा वर्ध्याशी जोडलेला आहे. वर्ध्याचे सेठ बच्छराज हे जमनालाल बजाज यांचे दत्तक घराणे. त्यांच्याच नावाने १९४५ मध्ये स्थापन झालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन पुढे बजाज ऑटो झाली. पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यात बनलेल्या स्कूटरचे इंजिन रंगविलेल्या पत्र्याच्या कवचाखाली, चालकाच्या उजव्या बाजूस असे. बॉनेटचा प्रश्न येथे लहान रूपात होता. फ्लायव्हीलवर बसविलेला पंखा इंजिनाभोवतीच्या आवरणातून हवा खेळवी आणि बाहेरच्या कवचाला चिरा ठेवलेल्या असत. १९७२ च्या ‘चेतक’मध्येही हीच रचना होती. पंख्याची हवा आणि कवचाच्या चिरा यांनी उष्णता बाहेर काढली, म्हणून नेहमीच्याच रंगावर काम भागले.

४. गोव्यातील सॅन स्टॉर्म

स्पोर्ट्‌स कारचा प्रश्न खऱ्या अर्थाने या प्रदेशात आला तो १९९८ मध्ये. त्या वर्षी सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी गाडी बाजारात आली. तिची निर्मिती गोव्यात होत असे. नळ्यांच्या पोलादी सांगाड्यावर काचतंतू व राळ यांचे, म्हणजे फायबरग्लासचे, अंग आणि पुढे रेनॉचे ११४९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन अशी तिची घडण होती.

फायबरग्लासमुळे साच्यांचा खर्च कमी होतो. मर्यादित संख्येने गाड्या काढणाऱ्या उद्योगाला ते सोयीचे ठरते. परंतु उष्णतेच्या दृष्टीने हे द्रव्य पोलादाहून भिन्न आहे. पोलाद उष्णता चटकन पसरविते. फायबरग्लास ती पसरवीत नाही, म्हणून मॅनिफोल्डच्या नेमक्या वरचा भागच तापत राहतो. सामान्य पॉलिएस्टर राळ १०० अंशांच्या आतच नरमू लागते. मग आतील काचतंतूंची वीण रंगातून उमटते किंवा फोड येतात. शिवाय असे अंग १४० अंशांच्या भट्टीत घालता येत नसल्याने त्यावर कमी तापमानाला पक्का होणारा, दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंगच द्यावा लागतो. स्टॉर्मचे इंजिन माफक शक्तीचे असल्याने उष्णतेचा भारही मर्यादित होता. २०१२ मध्ये सादर झालेल्या ‘डीसी अवंती’ या गाडीत टर्बोचार्जरचे इंजिन मध्यभागी, चालकाच्या मागे गेले. त्यामुळे पुढील बॉनेट निश्चिंत झाले आणि प्रश्न मागील झाकणाकडे सरकला.

५. अस्तर आणि त्याची किंमत

हवेची वाट अपुरी पडली, की अस्तराचा आश्रय घेतला जातो. मॅनिफोल्डवर इन्सुलेशनची पट्टी गुंडाळणे, मध्ये धातूची ढाल बसविणे आणि बॉनेटच्या आतून थर चिकटविणे हे तीन प्रकार प्रचलित आहेत. यांत एके काळी अ‍ॅस्बेस्टॉसला मोठे स्थान होते. ते जळत नाही, विणता येते आणि स्वस्त असते. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून दशकांनंतर अ‍ॅस्बेस्टॉसिस व कर्करोग निर्माण करतात, ही बाब मात्र रंग वाचविणाऱ्यांच्या हिशेबात नव्हती. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जतन करण्याचा आदेश दिला.

रंगाच्या बाबतीतही हेच दिसते. पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फवारणी करणाऱ्याला दमा जडवू शकते. पिवळ्या-नारिंगी रंगांत लेड क्रोमेट दीर्घकाळ वापरले गेले. शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारे २०१६ चे भारतीय नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत. मोटारीचा रंग त्यांच्या कक्षेत येत नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजात तोंडाला रुमाल बांधून फवारणी करणाऱ्या कारागिराला तो रुमाल या वाफांपासून वाचवीत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बॉनेटचा रंग वाचविण्याचे उपाय उष्णतेच्या उगमापासून सुरू झाले पाहिजेत : प्रथम मॅनिफोल्डभोवती ढाल, मग ढाल व बॉनेट यांत हवेची पोकळी, मग तप्त हवेला बाहेर पडायला वाट, आणि सर्वांत शेवटी अस्तर व रंग. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची ढाल बहुतांश प्रारण परतविते; मात्र ती तापलेल्या भागाला टेकली किंवा धुळीने माखली, की तिचा उपयोग घटतो. तेलाने भिजलेले अथवा उंदरांनी कुरतडलेले अस्तर तर आगीला निमंत्रण ठरते.

दुसरी, दुरुस्तीचा रंग कारखान्याच्या रंगाइतका सोशिक नसतो, हे गृहीत धरूनच पुन्हा रंगविलेल्या बॉनेटखालील ढाल व अस्तर तपासले पाहिजे. विदर्भातल्या उन्हात प्रवासानंतर गाडी सावलीत उभी करून बॉनेट काही वेळ उघडे ठेवणे हा बिनखर्ची उपाय आजही तितकाच उपयुक्त आहे.

तिसरी गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. झरोक्यांच्या काळात उष्णता हवेत जात होती आणि तिचा उपद्रव कोणाला नव्हता. झरोके बुजल्यावर तिला रोखण्यासाठी जी द्रव्ये आली, त्यांचे मोल गाडीच्या मालकाने नव्हे, तर ती द्रव्ये हाताळणाऱ्या कामगाराने चुकविले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा कामगाराची नोंद गाडीच्या नावाइतक्याच ठळकपणे होणे आवश्यक आहे.