शुक्राची वाट पाहताना

कार्याला घटका यावी लागते, असे म्हणून माणसे थांबतात. ती घटका कधीची, हे मात्र पंचांगाला विचारावे लागते. तमिळनाडूत त्याची उत्तरे दोन: जुन्या सूत्रांवर चालणारे ‘वाक्य’ पंचांग आणि आकाशातल्या ग्रहांशी ताडून पाहिलेले ‘तिरुक्कणितम्’. या दुसऱ्याचा एक धागा चेन्नईतल्या नुंगंबाक्कमला जातो.

ईस्ट इंडिया कंपनीने 1792 मध्ये इथे, कूवम नदीजवळ वेधशाळा बांधली. यंत्राला धक्का लागू नये म्हणून आत सुमारे 10 टनांचा, 15 फुटी ग्रॅनाइटचा खांब उभा केला. तारा माथ्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर येईपर्यंत थांबायचे आणि तो क्षण टिपायचा, हे इथले रात्रीचे काम. ढग आले की रात्र वाया. टी. जी. टेलर यांनी अशा नोंदींतून 1844 मध्ये 11,015 ताऱ्यांची यादी सिद्ध केली.

चिंतामणी रघुनाथाचारी इथलेच सहायक, पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले. 1867 मध्ये ‘आर रेटिक्युली’ हा रूपविकारी तारा त्यांनी शोधला. तो मंदावून पुन्हा तेजाळायला सुमारे 9 महिने घेतो. म्हणजे त्याच्या एका फेऱ्याची खात्री करायलाच वर्ष सरत येते.

याहून मोठी वाट 9 डिसेंबर 1874 ची होती. सूर्यबिंबावरून शुक्र सरकणार होता, तब्बल 105 वर्षांनी. मागच्या वेळी, 1769 मध्ये, त्यासाठी पाँडिचेरीत आलेल्या फ्रेंच ल जाँतीची फजिती झाली होती. 1761 चे अधिक्रमण युद्धामुळे हुकले म्हणून तो 8 वर्षे पूर्वेकडेच राहिला. ऐन सकाळी ढग दाटले. मायदेशी परतला, तर तिथे त्याला मृत धरले होते! 1874 च्या या योगाची माहिती लोकांना व्हावी म्हणून रघुनाथाचारींनी देशी भाषांतही पुस्तिका काढल्या.

पंचांग वेधांशी जुळवण्याचा त्यांचा खटाटोप मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. त्याच काळात इकडे केरोपंत छत्रे तेच करत होते. त्यातून पटवर्धनी पंचांग निघाले. आकाश पाहायचे की पूर्वजांचे ऐकायचे, हा वाद दोन्हीकडे रंगला. दोघांचीही श्रद्धा मुहूर्तावर होती. चुकलेल्या गणितावर नव्हती, इतकेच.

रघुनाथाचारी 1880 मध्ये गेले. 1899 मध्ये खगोलाचे काम कोडैकनालला हलले. नुंगंबाक्कमच्या आवारात आता हवामान केंद्र आहे आणि तो खांबही. हजार वर्षांनंतरच्या लोकांना कळावे म्हणून त्यावर लेख कोरलेला आहे. त्या हजारांतला पाव हिस्साही अजून उलटलेला नाही.