रेषेकडून यादीकडे

‘मार्मिक’चा पहिला अंक १३ ऑगस्ट १९६० रोजी दादरला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते प्रकाशित झाला. मुख्यमंत्र्यांनी व्यंगचित्र-साप्ताहिकाचे स्वागत करावे, ही मौजच. कारण संपादक बाळ ठाकरे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘मावळा’ या टोपणनावाने आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मधून काँग्रेसवरच कुंचला चालवला होता.

ठाकऱ्यांवर डेव्हिड लो यांच्या चित्रांचा गाढ संस्कार होता. अर्कचित्राचे बळ ओळखीच्या चेहऱ्यात असते. नेत्याचे नाक किंवा पोट फुगवले की त्याचा मोठेपणा ओसरतो. रेवडी सत्ताधाऱ्याची उडते, म्हणून हसणाऱ्याची भीड चेपते.

पुढे ‘मार्मिक’मध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतील कंपन्यांच्या अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या. मथळ्यातला उपरोध अस्सल आहे; खाली मात्र नुसती नावे. यादीला चेहरा नसतो, आडनाव असते. लालबाग-परळच्या चाळींतल्या बेकार तरुणाचे दुःख खरे होते, हे कोण नाकारील? परंतु उपहासाचा नेम आता मंत्र्यावरून घसरून माटुंग्याच्या टंकलेखकावर स्थिरावत होता, आणि व्यंगचित्रकलेच्या इतिहासात या घसरणीची चर्चा व्हावी तितकी होत नाही.

१९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली, तेव्हा तिचा वाचक आधीच घडलेला होता. लवकरच ‘लुंगी’ हा एकच शब्द अर्कचित्राचे काम करू लागला. एका वस्त्रात अख्खा समाज कोंबला गेला, आणि उडुपी हॉटेलांवर दगड पडले.