खंदकातली शिट्टी आणि आकाशातले इलेक्ट्रॉन

पहिल्या महायुद्धात आघाडीवरच्या टेलिफोनची तार पुष्कळदा एकेरीच असे. परतीचा मार्ग म्हणून जमीनच वापरली जाई. त्यामुळे बोलण्याचा क्षीण विद्युत्प्रवाह मातीत पसरे आणि शत्रूला तो चोरून ऐकता येई.

जर्मन सैन्यासाठी हे काम करणाऱ्यांत हाइनरिख बार्कहाउझेन हे शास्त्रज्ञ होते. जमिनीत अंतरावर रोवलेल्या धातूच्या दोन कांबी, एक ॲम्प्लिफायर आणि कानाला लावायचा रिसीव्हर, एवढीच सामग्री. पण त्यात संभाषणाखेरीज आणखी काही ऐकू येई: उंच स्वरात सुरू होऊन क्षणभरात खाली घसरत जाणारी शिट्टी. सैनिक म्हणत, हे तोफगोळेच उडत चालले आहेत. काही दिवशी शिट्ट्या इतक्या वाढत की चोरून ऐकणेच अशक्य होई.

१९१९ मध्ये बार्कहाउझेन यांनी ही नोंद प्रसिद्ध केली. कारण मात्र त्यांना सापडले नाही.

वास्तविक तो ध्वनी नव्हताच. त्या रेडिओलहरी होत्या. त्यांची कंपनसंख्या योगायोगाने मानवी श्रवणाच्या टप्प्यात येत होती, म्हणून त्या सरळ कानाला ऐकू आल्या. १९३५ मध्ये इंग्लंडच्या एकर्स्ली यांनी गणिताने दाखवले की, चुंबकीय क्षेत्रातील मुक्त इलेक्ट्रॉनांमधून जाताना या लहरींतील उच्च कंपनसंख्या पुढे निघून जातात आणि नीच मागे रेंगाळतात. विजेचा एक कडाका असा ताणला जाऊन शिट्टी बनतो. पण एवढा ताण पडायला मार्ग हजारो किलोमीटरांचा हवा. तो कुठे होता?

हे कोडे केंब्रिजमधील ओवेन स्टोरी या तरुण संशोधकाने सोडवले. १९५३ मध्ये त्यांनी मांडले की, ही लहर पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेला धरून अवकाशात दूरवर जाते, विरुद्ध गोलार्धात उतरते आणि कित्येकदा तिथून परतही येते. विधान धाडसाचे होते. त्यासाठी, जिथे जवळपास काहीच नसावे असे मानले जाई, त्या उंचीवर दर घन सेंटिमीटरला काही शे इलेक्ट्रॉन असणे भाग होते. पहिला उपग्रह उडायला अजून चार वर्षे होती!

विधान पडताळताही येत होते. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन आणि अल्यूशन बेटांतील उनालास्का ही ठिकाणे साधारण एकाच बलरेषेच्या दोन टोकांशी आहेत. १९५५ मध्ये दोन्हीकडे एकाच वेळी ध्वनिमुद्रण झाले, आणि एकाच कडाक्याच्या शिट्ट्या आलटून पालटून दोन्ही टोकांना उमटलेल्या आढळल्या.

१९५८ मध्ये एक्सप्लोरर उपग्रहांवरील उपकरणांनी पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे दाखवले. त्यांना व्हॅन ॲलन यांचे नाव मिळाले आणि ते योग्यच होते. स्टोरी यांचे नाव मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर आजही क्वचितच ऐकू येते.

याच जातीच्या आणखी एका लहरींना ‘कोरस’ म्हणतात, कारण त्यांचा आवाज पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारखा असतो. त्यांना विजेच्या कडाक्याची गरज नसते. त्या अवकाशातील इलेक्ट्रॉनांच्याच हालचालीतून उपजतात. बलरेषेभोवती गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनाशी लहरीचा ताल जुळला, की झोक्याला वेळेवर हात लागावा तसा त्याचा वेग वाढत जातो. कधी तीच लहर त्याला मार्गावरून ढळवून वातावरणात लोटते.

२०१२ मध्ये नासाने सोडलेल्या जोडयानांनी पट्ट्यांत शिरून मोजमाप घेतले. इलेक्ट्रॉनांना उपग्रहांची यंत्रणा बिघडवण्याइतकी ऊर्जा बाहेरून आत सरकताना मिळते की पट्ट्यांच्या आतच, हा वाद जुना होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील चुंबकीय वादळाच्या नोंदींनी कौल आतल्या बाजूने दिला, आणि संशयाचे बोट कोरस लहरींकडे वळले.