कावळा, फांदी आणि मुरगावचं जहाज

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक शब्द हमखास येतो: 'निर्णायक वळण'. विषय इतिहासाचा असो, रसायनशास्त्राचा असो की शेतीचा, अमुक घडलं आणि तिथून सगळं बदललं, असं आपण लिहून टाकतो. पण 'तिथून' बदललं की 'त्यामुळे' बदललं, हे व्हायव्हात कुणी विचारलं की पंचाईत होते. हा फरक आज गोव्यातल्या एका खऱ्या घटनेवरून बघू.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता आणि गोवा पोर्तुगीजांकडे. त्यामुळे १९३९ मध्ये युद्ध पेटल्यावर एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही जर्मन मालवाहू जहाजं मुरगाव बंदरात आसऱ्याला आली. पुढे अन्फोरा हे इटालियन जहाजही तिथेच अडकलं. एरेनफेल्सवर एक छुपा ट्रान्समीटर आहे आणि त्यावरून दोस्त राष्ट्रांच्या व्यापारी जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना जाते, असं ब्रिटिश गुप्तचरांचं म्हणणं होतं. तटस्थ बंदरात नौदल घुसवणं शक्य नव्हतं. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतली, एरवी कंपन्यांत नोकरी करणारी माणसं निवडली गेली. ९ मार्च १९४३ च्या रात्री 'फीबी' नावाच्या गाळ वाहायच्या बार्जवरून ते एरेनफेल्सवर चढले. झटापटीत कप्तानासह काही जर्मन मेले. जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून खलाशांनीच ते बुडवलं, आणि ते पाहून बाकी तिन्ही जहाजांवरच्या लोकांनीही तेच केलं.

ही गोष्ट जगाला कळली ती १९७८ च्या जेम्स लीसरच्या 'बोर्डिंग पार्टी' या पुस्तकातून आणि १९८० च्या 'द सी वुल्व्ज' या सिनेमातून. तिच्यासोबत एक हिशोबही सांगितला जातो: मार्चच्या पहिल्या ११ दिवसांत हिंदी महासागरात जर्मन पाणबुड्यांनी १२ जहाजं बुडवली आणि उरलेल्या महिन्यात फक्त एक. म्हणजे गोव्याचा रेडिओ बंद पडला आणि पाणबुड्या आंधळ्या झाल्या!

आकडे चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. तरीही तीन प्रश्न विचारा.

पहिला, जहाजं बुडाली कुठे? त्या मार्चमधला सगळ्यात मोठा तडाखा दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बसला. यू-१६० या एकाच पाणबुडीने डर्बनजवळ एका ताफ्यातली चार जहाजं बुडवली. डर्बन गोव्यापासून सरळ रेषेत सुमारे ६,८०० किलोमीटर. तिथल्या ताफ्याचा माग काढायला मुरगावच्या जहाजाची गरज होती, हे आधी सिद्ध करावं लागेल.

दुसरा, छापा पडला नसता तर काय झालं असतं? पाणबुडी एसटीसारखी रोज धावत नाही. तिचं इंधन आणि टॉर्पेडो मोजके असतात, ते संपले की परत फिरावं लागतं. आफ्रिकेकडे आलेल्या त्या 'सीहुंड' गटाची फेरी मार्चमध्ये संपत आली होती आणि बहुतेक पाणबुड्या फ्रान्सच्या वाटेला लागल्या. म्हणजे गोव्यात काही घडलं नसतं तरी आकडा पडणारच होता. आमच्या वडनेर भोलजीकडे पाऊस लांबला की पोरं धोंडी काढतात. मग पाऊस येतोही. पण धोंडी निघते तीच मुळी पावसाचे दिवस आलेले असताना.

तिसरा, परिणाम टिकला का? छाप्यानंतर ११ दिवसांनी, २० मार्चला, जपानच्या आय-२७ पाणबुडीने अरबी समुद्रात 'फोर्ट मम्फर्ड' हे ब्रिटिश जहाज बुडवलं. वरचा हिशोब फक्त जर्मन पाणबुड्यांचा, म्हणून हे त्यात दिसत नाही. पुढे उन्हाळ्यात नव्या जर्मन पाणबुड्या आल्या आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजं पुन्हा बुडायला लागली. शरद ऋतूत 'मोन्सून' गट तर थेट अरबी समुद्रात पोहोचला.

आता हेच तीन प्रश्न अटलांटिकला लावा. मार्च १९४३ च्या मध्यावर एचएक्स-२२९ आणि एससी-१२२ या दोन ताफ्यांतली २२ जहाजं बुडाली, जर्मनांची पाणबुडी गेली एक. मे महिन्यात मात्र ४० हून जास्त जर्मन पाणबुड्या बुडाल्या आणि २४ मे रोजी ड्योनित्झने उत्तर अटलांटिकमधून त्या मागे घेतल्या. इथे कारण आणि परिणाम एकाच समुद्रात आहेत. लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, आखूड तरंगलांबीचं रडार, ताफ्यासोबतच्या छोट्या विमानवाहू नौका, संदेशांची उकल, या प्रत्येकाने पाणबुडी कशी सापडते आणि मरते हे दाखवता येतं. आणि परिणाम टिकला: सप्टेंबरात आवाजाचा माग घेणारे टॉर्पेडो घेऊन जर्मन परतले, पण जुना वरचष्मा पुन्हा मिळाला नाही. यातलं एकही कारण एका रात्रीतलं नव्हतं. वळण मे महिन्यात दिसलं, पण ते महिनोन्‌महिने घडत होतं.

मग मुरगावचा छापा फुकट गेला का? नाही. चार जहाजं कायमची गेली आणि ट्रान्समीटर असेल तर तोही गेला. तेवढं ठामपणे लिहिता येतं. त्याच्या पुढचं 'त्यामुळे जहाजं वाचली' हे वेगळं विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की आपण कावळ्याचं वजन करायला निघतो. आधी फांदी बघा, किडलेली होती का.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'वळण' शब्द असेल तर त्याच्यासमोर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: कारण आणि परिणाम एकाच जागी आहेत का, ते कारण नसतं तर काय झालं असतं, आणि परिणाम किती दिवस टिकला. तिन्हींची उत्तरं मिळाली तर शब्द राहू द्या. नाही मिळाली तर 'त्यानंतर' असं लिहा. वाक्य साधं होईल, पण व्हायव्हात ते तुमच्या बाजूने उभं राहील.