तळ्यातून दिसणारा बाजीराव

भोपाळचा मोठा तलाव परमार राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदी अडवून केला, असे परंपरा सांगते. आम्हां मराठी माणसांना मात्र भोपाळ म्हटले की आठवतो बाजीराव! डिसेंबर १७३७ मध्ये त्याने निजामाला इथेच कोंडले. मराठ्यांपाशी भारी तोफा नव्हत्या, म्हणून रसद तोडली. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईला तह झाला आणि निजामाने माळवा व ५० लाख रुपये कबूल केले.

२०२३ साली हरित लवादाने या तलावात क्रूझ आणि मोटारबोटींना मनाई केली. मग कयाकच बरी, नाही का? कमलापती महाल, फतेहगड पाण्यातूनच नीट दिसतात. वाटाड्याने तिथे वल्ही थांबवून वेढ्याची गोष्टही सांगावी. एका अंगाला तळे, बाहेर मराठे... निजामाची कोंडी तिथूनच कळते.