स्थलांतरित पीडित स्त्रिया आणि कल्याणकारी राज्य : ब्रिटनमधील धोरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कौटुंबिक अत्याचारातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला सर्वप्रथम निवारा आणि उदरनिर्वाहाचे साधन लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने कल्याणकारी राज्याची उभारणी केली. तथापि पतीच्या आधारे व्हिसा मिळालेली स्त्री त्याच्या परिघाबाहेर राहिली. या विसंगतीचा आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप :
विवाहानंतर ब्रिटनमध्ये आलेल्या पत्नीस आरंभी एक वर्षाचा परिवीक्षाकाल असे. तो २००३ मध्ये दोन वर्षे व २०१२ मध्ये पाच वर्षे झाला. या काळात विवाह मोडल्यास वास्तव्याचा आधारच नाहीसा होई. त्यातच सार्वजनिक निधीचा लाभ न मिळण्याची अट होती. १९९९ च्या स्थलांतर व आश्रय कायद्याच्या कलम ११५ ने शासकीय भत्त्यांवरील ही बंदी अधिक पक्की केली. स्त्रियांच्या निवारागृहांचा खर्च मुख्यत्वे शासकीय घरभाडे साहाय्यातून भागत असे. ज्या स्त्रीला हे साहाय्यच नाही, तिला प्रवेश देणे निवारागृहांना परवडत नसे. परिणामी अत्याचारी घर किंवा रस्ता, एवढाच पर्याय तिच्यापुढे उरे.

चळवळ आणि धोरणबदल :
१९७९ मध्ये पश्चिम लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेने हा प्रश्न सातत्याने लावून धरला. १९९९ मध्ये शासनाने पीडित पत्नीस कायम वास्तव्याची सवलत दिली व २००२ मध्ये तिचा नियमांत समावेश केला. मात्र अर्जाचा निकाल लागेपर्यंत जगावे कसे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. हक्क मिळाला, भाकरी मिळाली नाही. नोव्हेंबर २००९ मधील ‘सोजर्नर’ या प्रायोगिक योजनेने ही उणीव प्रथम ओळखली. एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी व शासकीय भत्ते देणारी सवलत सुरू झाली.

मर्यादा :
ही सवलत मूलतः ब्रिटिश नागरिकांच्या व कायम रहिवाशांच्या जोडीदारांपुरती होती. नोकरदार वा विद्यार्थ्यांच्या आश्रित पत्नी तीतून वगळल्या गेल्या. नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये जाणाऱ्या मराठी कुटुंबांशी या बाबीचा थेट संबंध येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सवलतीचे नाव बदलून व्याप्ती वाढविण्यात आली आणि अशा पत्नींनाही तीन महिन्यांचा आधार मिळाला. परंतु कायम वास्तव्याचा मार्ग त्यांना खुला झाला नाही. २०२२ मध्ये ब्रिटनने इस्तंबूल कराराला मान्यता दिली, तीही पीडितेच्या वास्तव्याविषयीचे कलम ५९ राखून ठेवूनच.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, साहाय्याचा निकष पीडितेची जखम नसून तिच्या पतीचा व्हिसा हाच राहिला आहे. पत्नीचे वास्तव्य पतीच्या मर्जीवर अवलंबून ठेवणारा कायदा अत्याचार करणाऱ्याच्या हाती एक हत्यारच देतो. म्हणूनच कल्याणकारी राज्याचे मूल्यमापन करताना त्याने कोणाला सामावून घेतले याबरोबरच कोणाला दाराबाहेर ठेवले, याचाही अभ्यास होणे आवश्यक आहे.